ज्यानं थांबवली, त्यानंच सोडायची

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या चौकडीत त्याला रेडिओ म्हणत. नाव मुकादमानं ठेवलं होतं आणि ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. काळोख्या, विहिरीसारख्या चौकोनी भोकात लिफ्टच्या टपावर उभं राहून हा माणूस दोर तपासायचा आणि सोबत तोंडाचा पट्टा चालू. सासऱ्याची कवळी कशी हरवली, शेजारच्यांचा कुत्रा कोणाला चावला, बायकोनं काल कोणत्या पातेल्याचं बूड जाळलं, सगळं वर यंत्राच्या खोलीपर्यंत आणि खाली खड्ड्यापर्यंत घुमत जायचं. "अरे, तुझं बटण कुठे आहे रे?" मुकादम वरून ओरडायचा. बटण नव्हतंच. जिभेला हाड नसतं म्हणतात, याच्या जिभेला सुट्टीही नव्हती.

उरलेल्या तिघांत मुकादम सगळ्यांत वडील. बोलणं कमी, भुवया जास्त. वायरमन काटकुळा आणि शब्दाला महाग, पण बोललाच तर नेमका नको तेव्हा बोलणार. आणि तिसरा वंगण. दोरांना आणि रुळांना ग्रीस लावणं हे त्याचं काम, आणि कुठे भांडण झालं की दोन्हीकडे गोड बोलून ते गुळगुळीत करणं हेही त्याचंच. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. तरुणपणी एकदा त्याचा हात चाकाजवळ असताना वरच्या माणसाला वाटलं, झालं असेल याचं, आणि त्यानं लिफ्ट सोडली.

त्या दोन बोटांवरून मुकादमानं कायदा केला. पान्यानं रुळावर एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. एक ठोका ऐकला की हातातलं सगळं सोडायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही, विचारपूस नंतर. आणि ज्यानं थांबवली, त्यानंच सोडायची. मालक येऊन डोक्यावर बसला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा वायरमननं एका मोठ्या इमारतीतली लिफ्ट थांबवली आणि न सांगता गेला पोट साफ करायला. त्याचं पोट म्हणजे तासाची निश्चिंती. जिन्यातून माणसं धापा टाकत, शिव्या घालत चढत होती आणि हे तिघे बटणाशेजारी हाताची घडी घालून उभे. कोणी हात लावला नाही. रेडिओ ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचा की वायरमनची नातवंडंसुद्धा ती तोंडपाठ म्हणायची.

मग एका सकाळी दाढी करताना रेडिओचा उजवा हात खाली आला, तो परत वर गेलाच नाही. वस्तरा बेसिनमध्ये पडला. बायकोला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि आतून आवाजच येईना. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि इतक्या वर्षांच्या त्या शब्दांच्या गोदामात एकच शब्द शिल्लक राहिला होता. "बरं."

हा शब्द त्यानं निवडलेला नव्हता. पाणी हवं म्हणायला गेलं की बरं, नको म्हणायला गेलं की बरं, पाठीखालची उशी टोचतेय म्हणायला गेलं तरी बरं. डोकं ठिकाणावर होतं, पण हे पटवायचं कोणाला आणि कसं? भेटायला येणारी माणसं त्याच्याशी मोठ्यानं बोलायची, जणू आजार कानातच झालाय. "ओळखलंत का मला?" असं दहादा विचारायची. हा मनात त्यांची सात पिढ्यांची ओळख सांगायचा आणि तोंडातून निघायचं, बरं. "किती समाधानी आहेत हो," असं म्हणत माणसं चहा पिऊन जायची. रेडिओला अशा वेळी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं, आणि भिंतीपर्यंत जायलाही दुसऱ्यानंच खुर्ची ढकलावी लागणार होती.

त्याला खरं ओळखलं ते त्या तिघांनी. ते दर रविवारी यायचे, जेवणाच्या लाकडी टेबलाभोवती बसून पत्ते कुटायचे आणि मोठ्यानं बिलकुल बोलायचे नाहीत. पहिल्याच रविवारी मुकादमानं रेडिओच्या डाव्या हातात चमचा दिला आणि म्हणाला, "ठोके आठवतायत ना?" बस्स. तेव्हापासून कोणी पत्ता लपवला की टेबलावर एक ठोका, आणि तिघांचे हात पानांवरून उठलेले. मग वंगण एकेकाकडे बोट दाखवत विचारायचा, "हा? की हा?" योग्य माणसावर बोट आलं की दोन ठोके. चोर बहुतेक वंगणच असायचा. तेवढे ते दोन-तीन तास रेडिओ माणसांत असायचा. उरलेले सहा दिवस तो रविवारची वाट बघायचा, हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगणार कसं?

एका रविवारी मात्र पत्ते निघालेच नाहीत. तिघे इस्त्रीचे शर्ट घालून आले.

"चल रेडिओ, आज बाहेर जेवायचंय," वंगण म्हणाला. "वहिनी, तुम्हीही. आज चुलीला सुट्टी."

वहिनी आधीच तयार होती. ठेवणीतली साडी, ठेवणीतल्या चपला. रेडिओनं हे पाहिलं आणि त्याला जरा नवल वाटलं. नवऱ्याला अंगावर सदरा घालायला अर्धी सकाळ लागते आणि ही आज कोणी न सांगता तयार, म्हणजे हे आधी ठरलेलं होतं. पण बाहेर जायच्या आनंदात त्यानं ते मनाच्या मागच्या खोलीत टाकून दिलं.

हॉटेल तिघांनी फार विचार करून निवडलं होतं, आणि तिघांनी विचार केला की काय होतं ते पुढे दिसेलच. रेडिओला कोरडं, कडक खाल्लं की ठसका लागायचा, श्वास अडकायचा. म्हणून मऊ पदार्थांचं हॉटेल शोधायचं ठरलं. वायरमनच्या सुनेनं सांगितलं की अमुक ठिकाणी फक्त घरच्यासारखं, लहानपणीसारखं जेवण मिळतं. घोटलेला बटाटा, भोपळ्याचं सूप, दुधात भिजवलेला पाव. आजारी माणसाचंच जेवण की हे! आणि त्यात दुधात साखर म्हणजे ते हॉटेल ज्या जुन्या गोदामाच्या पाचव्या मजल्यावर होतं, तिथली लिफ्ट याच चौघांनी बसवलेली होती.

लिफ्टचं दार उघडलं आणि चौघांचे चेहरे बदलले. हॉटेलवाल्यांनी भिंती नव्या मढवल्या होत्या, आरसा लावला होता, पण बटणांची पितळी पट्टी जुनी म्हणून शोभेला तशीच ठेवून घासूनपुसून लखलखीत केली होती. खाली ते लाल बटणही तसंच होतं. आत दाबलं की लिफ्ट जागच्या जागी थांबते, पिळून बाहेर काढलं की सुटते. मुकादमानं पट्टीवरून तळहात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

लिफ्ट वर निघाली. सगळे कान देऊन ऐकत होते. तिसऱ्या मजल्याजवळ बारीक घरघर आली. रेडिओनं डाव्या हाताचं बोट डावीकडच्या भिंतीकडे केलं.

"डावीकडे घासतेय," मुकादम म्हणाला. "बरोबर. अजून कान शाबूत आहेत बघ याचे."

"बरं," रेडिओ म्हणाला. झटक्यानंतर इतका खूश तो कधी झाला नव्हता.

हॉटेल म्हणजे काय विचारता! गालिचा असा की चाकांची खुर्ची त्यात रुतत होती. गोदामाच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर दिवे सोडले होते. टेबलावर पांढरीशुभ्र चादर, आणि तिच्याखाली जाडजूड लोकरी गादीसारखा थर, भांड्यांचा खडखडाट नको म्हणून. तिथे सगळे हळू बोलत होते. वंगणनं सवयीनं खुर्ची ओढली तर तिचाही आवाज झाला नाही, तो जरा दचकलाच.

वेटर आला आणि त्यानं प्रत्येक पदार्थाची कुळकथा सांगायला सुरुवात केली. हा बटाटा शेफच्या लहानपणीच्या आठवणीतला, हे सूप शेफच्या आजीच्या आजारपणातलं. मग ताटल्या आल्या. ताटल्या परातीएवढ्या आणि मधोमध बटाटा लिंबाएवढा.

"शेफचं लहानपण फारच थोडक्यात आटोपलेलं दिसतंय," वंगण म्हणाला.

आणि त्या बटाट्यावर, आता डोक्याला हात लावा, तळलेल्या कांद्याचा कुरकुरीत चुरा, भाजलेल्या बिया आणि वर काचेसारखा एक पापुद्रा खोचलेला. सूपमध्येही कडक पावाचे तुकडे तरंगत होते. सगळं जग ज्याला मऊ म्हणतं त्यावर हे लोक काहीतरी टणक पेरून ठेवत होते. तिघांचे चेहरे उतरले. इतका विचार केला, तर घोडं इथे पेंड खायला बसलं.

मुकादमानं खिशातून चष्मा काढला. "इकडे दे," म्हणाला. रेडिओची ताटली मधे घेतली आणि तीन निवृत्त मेकॅनिक तिच्यावर वाकले. मुकादम काट्यानं बिया उचलत होता, वायरमन नखांनी कांद्याचा चुरा वेचत होता, वंगण अर्ध्या बोटांनी सूपमधले तुकडे पकडत होता आणि पकडलेलं स्वतःच्या तोंडात टाकत होता. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघत होती. बघेनात का! कित्येक वर्षं या हातांनी याहून बारीक खिळे शोधले होते. निवडून झाल्यावर मुकादमानं ताटली परत सरकवली. "आता जा, रस्ता मोकळा."

बायको रुमाल घेऊन भरवायला सरसावली तेव्हा रेडिओनं चमचा स्वतःच्या डाव्या हातात घेतला. चमचा जड होता. पहिला घास हनुवटीला लागला, दुसरा आत गेला. बटाटा छान होता, खरं सांगायचं तर फारच छान होता. लोणी जिभेवर पसरलं आणि त्याला वाटलं, आज काहीतरी सांगता आलं पाहिजे होतं, वायरमनच्या पोटाची गोष्टच का होईना. त्यानं तिघांकडे पाहिलं. तिघेही ताटलीत बघत होते, आणि ताटल्यांत तर बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

"तिकडची हवा चांगली असते म्हणे," वंगण एकदम म्हणाला.

कोणी विचारलं नाही, तिकडची म्हणजे कुठली. मुकादमानं भुवया खाली घेतल्या. वहिनीनं हातातला रुमाल उलगडला, परत त्याची घडी घातली.

"कोरडी हवा," वंगणनं पुढे रेटलं. "सांध्यांना बरी. आणि मुलगी ती मुलगीच शेवटी."

ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? पण वंगण आणखी बराच वेळ लपवू शकला असता, तो त्यातला वस्ताद होता. तेवढ्यात वायरमननं मान वर केली. त्याला वाटलं, विषय निघाला म्हणजे सांगून झालंय.

"वहिनी, सामान कधी हलवताय? माझ्या भाच्याचा टेम्पो आहे."

टेबलाखाली वंगणनं वायरमनला लाथ मारली. ती बसली रेडिओच्या उजव्या पायाला. त्या पायाला काही कळत नव्हतं, फक्त खुर्ची हलली आणि चमच्यातला बटाटा चादरीवर पडला. रेडिओनं पडलेल्या बटाट्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"सांगणारच होते," ती म्हणाली. तिचा आवाज त्या हॉटेलात इतरांसारखाच हळू झाला होता. "लेक कधीची मागे लागलीय. तिच्याकडे खोली रिकामी आहे. जावयांनी न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेतल्यात. घरमालकालाही कळवलंय, महिनाअखेरीला जागा सोडतोय म्हणून." मग तिघांकडे वळून, कोणी न विचारताच, "यांना विचारलं होतं मी. बरं म्हणाले."

रेडिओला आठवलं. ती त्याच्या पायापाशी बसून मोजा चढवत होती. "लेकीकडे जायचं का आपण राहायला? कायमचं?" तिनं विचारलं होतं. त्याच्या तोंडून बरं निघालं, आणि त्याच वेळी तो जिवाच्या आकांतानं मान हलवत होता, नाही, नाही, नाही. तिनं मान वर केली नव्हती. मोजा चढला तरी ती खाली बघूनच बसली होती. वर पाहिलं असतं तर दिसलं असतं.

लेक वाईट नव्हती, जावई तर लाख माणूस होता. पण ते गाव रात्रभराच्या प्रवासावर होतं. तिथे रविवार असणार, पण पत्ते नसणार. ठोका मारला तर लेक धावत येऊन विचारणार, "बाबा, पडलं का काही?" तिथे तो त्या खोलीतलं एक सामान होणार, पुसून ठेवलेलं, उन्हात सरकवलेलं, समाधानी. 

त्यानं चमचा खाली ठेवला, डाव्या हाताची मूठ वळली आणि टेबलावर ठोका मारला. एक.

आवाज झाला नाही.

त्या गादीनं तो गिळून टाकला. त्यानं परत मारला, सगळा जीव एकवटून. पेल्यातलं पाणी तेवढं हललं. वंगण सूप ढवळत होता, वायरमन मान खाली घालून लाजेनं लाल झाला होता, मुकादम चष्मा पुसत होता. कोणाचे हात उठले नाहीत. उठला तो वेटर, भिंतीजवळून.

"साहेबांना अजून थोडं हवंय का?" त्यानं वाकून, मोठ्यानं विचारलं.

नाही, रेडिओ म्हणाला. निदान म्हणायला गेला. "बरं."

आणि आणखी एक बटाटा आला, नवा चुरा आणि नवा पापुद्रा घेऊन.

यावेळी तो निवडायला कोणी पुढे झालं नाही. बायकोनंच दोन बोटांनी पापुद्रा बाजूला केला आणि चमचा भरून त्याच्या तोंडाशी धरला. तिचं मनगट पट्टीत गुंडाळलेलं होतं. मागच्या महिन्यात ती त्याला न्हाणीघरात उचलायला गेली आणि दोघे एकदमच खाली बसले होते. शेजारीण कपडे वाळत घालायला बाहेर येईपर्यंत ओल्या फरशीवर एकमेकांना टेकून बसून राहिले होते. तेव्हा ती हसली होती. "आपली सहल झाली बघा," म्हणाली होती. रेडिओनं तोंड उघडलं आणि घास घेतला. दुसरं काय करणार होता? घास गिळताना डोळ्यांतून पाणी आलं. बायकोनं तेही रुमालानं टिपलं आणि वेटरला सांगितलं, "जरा गरम आहे."

शेवटचा गोड पदार्थ कोणता होता हे नंतर कोणालाच सांगता आलं नाही.

लिफ्टमध्ये खुर्ची आधी आत घातली आणि बाहेर काढायला सोपी जावी म्हणून वळवून दाराकडे तोंड करून लावली. त्यामुळे पितळी पट्टी रेडिओच्या डाव्या हाताशी आली. त्याच्याभोवती उरलेले चौघे दाटीवाटीनं उभे. दार लागलं आणि लिफ्ट खाली निघाली. वंगण म्हणाला, "बटाटा छान होता नाही?"  तिसऱ्या मजल्याजवळ घरघर आली.

रेडिओनं अंगठ्यानं लाल बटण आत दाबलं.

लिफ्ट हिसका देऊन थांबली. बायको "अगं बाई!" म्हणत खुर्चीच्या दांड्याला धरून सावरली. "बिघडली का? बंद पडली का हो?"

वंगणला बटण दिसलं. गोष्टी गुळगुळीत करायची आयुष्यभराची सवय, हात आपोआप पुढे गेला.

"हात काढ," मुकादम म्हणाला.

वंगणचा अर्ध्या बोटांचा हात हवेतच राहिला, मग मागे गेला. वायरमननं तर केव्हाच हाताची घडी घातली होती.

"वर पण ठोकलं होतंस," मुकादम रेडिओला म्हणाला. भुवया जागच्या जागी होत्या, आवाज मात्र जागेवर नव्हता. "दोनदा. मी पाहिलं. आवाज आला नाही म्हणून मी... ठोका पडलाच नाही असं धरून चाललो." मग वहिनीकडे वळून म्हणाला, "वहिनी, यानं थांबवलीय. आता हाच सोडणार. बोलायचं असेल ते बोलून घ्या, आम्ही भिंतीकडे तोंड करतो."

आणि खरंच, तीन म्हातारे कोपऱ्यांकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. पण समोरच्या भिंतीला आरसा होता, त्यामुळे सगळ्यांना सगळं दिसतच होतं.

"तुम्हाला जायचं नाहीये," बायको म्हणाली.

"बरं," रेडिओ म्हणाला आणि जोरजोरात मान हलवली. यावेळी ती वर बघत होती.

"मला ठाऊक होतं हो," ती म्हणाली. "मोजा चढवतानाच ठाऊक होतं. म्हणून तर वर बघितलं नाही." तिचं नाक लाल झालं. "इतकी वर्षं बडबडून माझं डोकं उठवलंत, आणि आता मेलं 'नाही' म्हणता येत नाही तुम्हाला. आणि मी तरी काय करू? मला उचलवत नाही. उद्या मी पडले तर तुम्हाला कोण बघणार आणि मला कोण? हे तिघे? यांना यांच्या बायका बघतायत."

आरशात तिघांनी माना खाली घातल्या. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. वंगणजवळसुद्धा यावर लावायला काही नव्हतं.

खाली कोणीतरी दारावर थापा मारत होतं. वरून वेटरचा आवाज आला, "साहेब, घाबरू नका, मेकॅनिकला बोलावतोय!" लिफ्टमध्ये मेकॅनिक चार होते. ते हलले नाहीत, आणि हललेही नसते. ते संध्याकाळपर्यंत उभे राहिले असते, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिले असते, हे रेडिओला पक्कं माहीत होतं. घर सोडणं थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं आणि त्याच्याही नव्हतं, पण ही लिफ्ट होती. जोवर तो बटण पिळत नाही तोवर महिनाअखेर येणार नव्हती. त्यानं अंगठा बटणावर ठेवला आणि डोळे मिटून त्या थांबलेल्या लिफ्टची शांतता ऐकली. घरघर नव्हती, काही नव्हतं. छान वाटलं.

त्यानं डोळे उघडले तेव्हा बायको डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर घेत होती. मग उजव्यावरचा डाव्यावर. ठेवणीतल्या चपलांच्या पट्ट्यांवरून तिचे पाय सुजून वर आले होते. तिनं पाठ भिंतीला टेकली, मग लाज वाटून सरळ झाली, मग परत टेकली. लिफ्टमध्ये बसायला एकच खुर्ची होती आणि तिच्यात तो बसला होता.

त्यानं डाव्या हातानं स्वतःच्या मांडीवर थाप मारली. ये, बस.

"वेड लागलंय का?" ती म्हणाली. रडता रडता तिला हसू आलं. "चारचौघांत? आणि तुमच्या पायांचा भुगा होईल तो वेगळाच." पण बसली नाही. उभीच राहिली, आणि गुडघा दाबत राहिली, दुखरं मनगट पोटाशी धरून. घाई करा, असं ती म्हणाली नाही. 

रेडिओनं लाल बटण बोटांत धरलं.

मुकादमानं आरशातून पाहिलं. कायद्याप्रमाणे त्यानं विचारलं, "सोडायची?"

"बरं," रेडिओ म्हणाला, आणि बटण पिळलं.

लिफ्ट सुटली. डावीकडची घरघर परत आली, ती चौघांनी ऐकली. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा बाहेर बरीच माणसं ताटकळत उभी होती. बायको आधी बाहेर पडली आणि भिंतीजवळ एक बाक दिसला त्यावर बसली, कोणाची पर्वा न करता, पाय पसरून. रेडिओ तिच्याकडे बघत होता. तिघांनी मिळून त्याची खुर्ची उंबऱ्यावरून बाहेर काढली.

"काय झालं होतं? बिघडली होती का?" गर्दीतल्या एकानं वैतागून विचारलं.

"नाही," मुकादम म्हणाला. "आमच्या माणसानं थांबवली होती."